दफ्तर, दाखला आणि यंत्र

भोपाळात मराठी माणूस कसा आला, या प्रश्नाची दोन उत्तरे देता येतात. एक तलवारीचे, दुसरे फायलीचे. तलवारीचे उत्तर आपल्याला पाठ आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला याच शहरात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहा-सराईच्या तहात माळव्यावरचा हक्क लिहून घेतला. पण त्या तहाने इथे मराठी वस्ती झाली नाही. पुढे १८१२ नंतर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी शहराला वेढा दिला, तोही वजीर मुहम्मद खानाने तग धरून निष्फळ केला. जे शहर वेढ्याने मिळाले नाही, त्यात आपले वाडवडील शिरले ते नेमणुकीचे पत्र खिशात घेऊन.

ती तारीख १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ अशा चार वेगवेगळ्या वळणांच्या कारभारांची कागदपत्रे एका छपराखाली आणायची वेळ आली. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला अशी वाटणी झाली. सचिवालय भोपाळला आले. त्या सचिवालयाबरोबर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर इथून कारकून आले, हेडक्लार्क आले, अधीक्षक आले. त्यांत मराठी नावे किती होती हे आपल्यापैकी अनेकांना आपल्याच घरच्या भिंतीवरच्या फोटोंवरून सांगता येईल. नंतर भेलचा कारखाना उभा राहिला आणि पिपलानी-गोविंदपुऱ्याकडेही मराठी बिऱ्हाडे झाली. निवृत्तीनंतर यातली कितीतरी घरे अरेरा कॉलनी आणि शाहपुरा भागात स्थिरावली. शाहपुऱ्याच्या तलावाशेजारी प्रशासन अकादमी आहे, माजी मुख्य सचिव नरोन्हा यांच्या नावाची. आज तिथे प्रशिक्षणाला येणाऱ्या अधिकाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा शिकावी लागते आहे, आणि तलावाभोवती सकाळी फिरणारे आपले ज्येष्ठ लोक त्याच भाषेला मोबाइलच्या पडद्यावर तोंड देत आहेत.

हा विषय संगणकाच्या जाणकारांकडे सोपवायचा असा शिरस्ता पडला आहे. मी तो आज दफ्तराच्या इतिहासातून पाहणार आहे. कारण राज्यकारभारात नवे साधन येते तेव्हा काय होते, हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्या समाजाने तो दोन्ही बाजूंनी भोगला आहे. टेबलाच्या आतल्या बाजूने आणि बाहेरच्याही.

आतल्या बाजूपासून सुरुवात करू. पेशव्यांचे हुजूर दफ्तर हे अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातले एक विलक्षण यंत्र होते. लाकडी-लोखंडी नव्हे, माणसांचे. रोजकीर्द लिहिणारे वेगळे, खतावणी करणारे वेगळे. गावोगावचा जमाखर्च परगण्यातून पुण्याला यायचा, फडावर त्याची झडती व्हायची, त्यावरून पुढल्या वर्षाचा बेहेडा बांधला जायचा, आणि एकबेरीज दफ्तरात सगळ्या राज्याच्या आकड्यांचा तर्जुमा तयार व्हायचा. तर्जुमा म्हणजे आज आपण भाषांतर समजतो. तेव्हाच्या कारकुनाला त्याचा अर्थ गोषवारा असाही होता. नाना फडणीसांच्या काळात या कामावर दोनशेच्या वर कारकून असत. कोणत्या परगण्याची बाकी किती, हे शोधायला नानांना गावी जावे लागत नसे. रुमाल सोडला की गाव समोर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा आकडा सरकारला दिसायचा, पण तो वादात सापडला तर मामला कागदावर संपत नसे. पाहणीला माणूस जायचा. गावच्या गोताला बोलवायचे, साक्षी घ्यायच्या, महजर करायचा. दफ्तराचे म्हणणे आणि गावाचे म्हणणे अशा दोन बाजू मानल्या जात. यात लाच होती, वशिला होता, जातीची उतरंड तर होतीच. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. तरी दफ्तराला उत्तर द्यायची एक जागा त्या व्यवस्थेत होती, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र दफ्तराची आबाळ झाली. आणि १८१८ मध्ये ते सगळे रुमाल इंग्रजांच्या हाती पडले.

आता टेबलाच्या बाहेरच्या बाजूला या. ज्या कागदांनी पेशवाई चालवली, त्याच कागदांनी पुढे इनामदारांची झडती घेतली. इनाम कमिशनचे नाव आपल्या घराण्यांच्या बखरीत कुठे ना कुठे येतेच. १८५२ च्या कायद्याने त्याला बळ मिळाले. त्याचे काम साधे होते: ज्यांच्याकडे इनाम जमीन आहे त्यांनी हक्क शाबीत करावा. कमिशनपाशी पेशव्यांचे दफ्तर होते. इनामदारापाशी असली तर एखादी सनद, वाळवीने खाल्लेली. दोन्हींचा मेळ बसला नाही की इनाम खालसा. दफ्तरात नोंद नाही याचा अर्थ इनाम खोटे, असा एक सोपा हिशेब त्यात होता. ज्या वर्षांत दफ्तराची आबाळ झाली होती, त्या वर्षांची सनद खरी असूनही नोंद सापडणे अवघड, हा विचार त्या हिशेबात बसत नव्हता. इतिहासग्रंथांतून नेहमी दिला जाणारा आकडा असा आहे की १८५७ पूर्वीच्या पाच वर्षांत सुमारे ३५ हजार इनामांची चौकशी झाली आणि त्यांतली २० हजारांहून अधिक जप्त झाली. दक्षिणी मराठा मुलखात त्या काळी जी खदखद होती, तिच्या कारणांत इतिहासकार हे कमिशन हटकून मोजतात.

इनाम कमिशनचे अधिकारी दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक कष्टाळू होते, मोडी शिकले होते, आणि खोट्या सनदा बाजारात होत्या हेही खरेच. पण शाबितीचे ओझे कोणावर टाकायचे, हे एकदा ठरले की पुढचे सगळे ठरून जाते. नोंद चुकली असेल हे सरकारने दाखवायचे, की आपण खरे आहोत हे माणसाने दाखवायचे? या लेखातून एकच वाक्य तुमच्यापाशी उरणार असेल तर हा प्रश्न उरू दे. पुढची प्रकरणे याच प्रश्नाची आहेत.

यापुढचे प्रकरण भोपाळचेच आहे, आणि ते लिहिताना हात अडखळतो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झाले ते मी इथे सांगणार नाही. या शहरात ते सांगायची गरज नाही. मी त्यानंतरच्या कागदांबद्दल बोलतो. शहरातल्या तेव्हाच्या ५६ प्रभागांपैकी ३६ वायुपीडित ठरले. दक्षिणेकडचे नवे भोपाळ, आपला शाहपुरा-अरेरा कॉलनीचा पट्टा, त्या यादीबाहेर राहिला. पण ज्यांचे नातलग, मोलकरणी, चपराशी, दूधवाले जुन्या शहरातले होते, त्या घरांना ही यादी परकी नव्हती. मग लाखो दावे आले. प्रत्येक दावेदाराची वैद्यकीय पुस्तिका बनवायची, आणि पुस्तिकेवरून इजेची श्रेणी ठरवायची होती. इतक्या माणसांना डॉक्टरने निवांत बसून तपासणे शक्य नाही, असे मानले गेले. म्हणून गुणांची पद्धत आली. तक्रारी, तपासण्या, कागद यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, बेरजेवरून श्रेणी.

संगणकाचा पडदा त्यात असो वा नसो, हे गणिती निर्णययंत्रच होते. आज ज्याला अल्गोरिदम म्हणतात ते म्हणजे दुसरे काय? ठरलेल्या पायऱ्या, ठरलेले वजन, शेवटी एक शिक्का.

त्याचा निकाल १९९० पर्यंत असा लागला. ३,५८,७१२ पुस्तिकांचे मूल्यमापन झाले. त्यांतल्या १,५५,२०३ जणांना 'इजा नाही' ठरवले. १,७३,३८२ जणांना 'तात्पुरती इजा'. कायमचे पूर्ण अपंगत्व आले असे माणसे किती? ४०. हे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले आहेत. बेरीज करून पाहा: शेकडा ९१ हून अधिक लोक पहिल्या दोन श्रेणींत बसले. ज्या शहराने पुढची चाळीस वर्षे खोकत काढली, त्या शहरात कायमचे पूर्ण अपंग चाळीस.

तक्ता चुकला कुठे? बेरजेत नाही. तो भरायला जे कागद लागत होते ते गरिबाकडे नव्हते, हे त्याचे दुखणे. त्या पहिल्या दिवसांत हमीदिया रुग्णालयाच्या आवारात पडलेल्या माणसाने औषधाची चिठ्ठी जपून ठेवली असेल, ही अपेक्षाच किती शहाणपणाची? फुप्फुसांची नीट तपासणी थोड्यांचीच झाली. ज्याची झाली नाही त्याच्या पुस्तिकेत ती जागा रिकामी. आणि रिकाम्या जागेला गुण कसले? इनाम कमिशनमध्ये जे नोंदीचे झाले तेच इथे चिठ्ठीचे. कागद नाही, म्हणजे इजा नाही.

याच सरकारने त्याच काळात दुसरी एक पद्धतही वापरली, तिचीही नोंद करायला हवी. १९९० पासून ३६ प्रभागांतल्या रहिवाशांना दरमहा २०० रुपये अंतरिम मदत सुरू झाली. तिथे प्रश्न एकच होता: तुम्ही त्या प्रभागात राहत होता का? ही फूटपट्टी ओबडधोबड होती. तिच्यात न बसणाऱ्यांनाही पैसे गेले असतील. पण ती सामान्य माणसाला कळत होती, आणि तिच्यावर भांडता येत होते. पुढे १९९२ पासून दावा न्यायालये बसली, माणसे समोर उभी राहून बोलू लागली, आणि शेवटी भरपाई मिळालेल्यांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात गेली. पहिल्या तक्त्याने ज्यांना 'इजा नाही' म्हटले होते, त्यांच्या संख्येशी हा आकडा ताडून पाहावा. १४ मार्च २०२३ रोजी वाढीव भरपाईची केंद्र सरकारची सुधारणा याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा तो अध्याय न्यायालयात तरी मिटला.

यानंतरचा भाग जरा वेगाने सांगतो, कारण त्यात आनंदाच्या गोष्टीही आहेत.

१ जानेवारी २००० ला धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' सुरू झाले. धार म्हणजे पवारांचे संस्थान, मराठी दफ्तराचा जुना मुलूख. गावातल्या सूचनालयात एक संगणक, एक टेलिफोनची तार, आणि गावचाच एक तरुण 'सूचक'. त्याला पगार नाही. सेवेच्या शुल्कातून त्याने पोट भरायचे. शेतकऱ्याला मंडीचा भाव कळायचा, खसऱ्याची नक्कल मिळायची, तक्रार थेट जिल्ह्याला जायची. खर्चाचा बराच भार पंचायतींनी उचलला होता. त्याच वर्षी स्टॉकहोमला त्याचा गौरव झाला आणि जगभरातून लोक धारला पाहायला आले. पुढे काय झाले? वीज जायची, तार तुटायची, सूचकाची कमाई भागेना, आणि पाहुणे परतल्यावर बरीच सूचनालये ओस पडली. मला यातला सूचक महत्त्वाचा वाटतो. यंत्र आणि शेतकरी यांच्यामध्ये गावचा ओळखीचा माणूस होता. यंत्र मंदावले ते मंदावले, पण तो माणूसही टिकवता आला नाही, याची खंत वाटते.

दुसरी चांगली गोष्ट २०१० ची. मध्य प्रदेशाने लोकसेवा हमी कायदा केला, देशात पहिला. दाखला ठरल्या मुदतीत मिळाला नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला रोजचे २५० रुपये, ५,००० रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्राने असा कायदा २०१५ मध्ये केला, म्हणजे या बाबतीत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपुढे आपण थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही! विनोद बाजूला ठेवला तर या कायद्याने शाबितीचे ओझे थोडे का होईना, टेबलाच्या आत सरकवले. उशीर का झाला, हे आता साहेबाने सांगायचे.

मग सायबर तहसील. जून २०२२ मध्ये दोन जिल्ह्यांत सुरू होऊन २९ फेब्रुवारी २०२४ ला ती सर्व ५५ जिल्ह्यांत गेली. पूर्वी जमिनीची रजिस्ट्री झाल्यावर नामांतरणासाठी वेगळा अर्ज, मग पटवारी, मग तहसील, मग पुन्हा पटवारी. आता वाद नसलेल्या आणि पूर्ण खसऱ्याच्या व्यवहारांत रजिस्ट्री झाली की प्रकरण आपोआप पुढे सरकते, सूचना जाते, अहवाल येतो, आदेश निघतो. ज्यांनी तहसिलीच्या बाकावर दिवस काढले आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको. आणि हरकत आली तर? प्रकरण नेहमीच्या तहसीलदाराकडे, माणसापुढे जाते. ही एक वाट आखून ठेवली, म्हणून ते यंत्र मला पटते.

इथवर आलेली यंत्रे सांगितलेले करणारी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र वेगळे अशासाठी की त्याला नियम कोणी एकेक करून सांगत नाही. हजारो-लाखो जुनी उदाहरणे दाखवतात, त्यावरून ते आपला अंदाज बसवते. अनुभवी शिरस्तेदार अर्जाकडे पाहून 'हे जुळत नाही' म्हणायचा, तसेच काहीसे. फरक असा की शिरस्तेदाराला 'का' म्हणून विचारता यायचे, आणि तो चिडला तरी काहीतरी सांगायचा. यंत्राचा अंदाज ज्या वजनांवर बसतो ती लाखांनी असतात. 'का' याचे सरळ उत्तर त्याच्या करणाऱ्यालाही अनेकदा देता येत नाही.

तुम्हाला हे दूरचे वाटत असेल तर आपल्या हयातीच्या दाखल्याकडे पाहा. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' असे सांगायचे, ही पद्धत आपल्याला चांगलीच ठाऊक. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आले, बोटांच्या ठशांवर. वयाने ठसे झिजतात, यंत्र ते ओळखेना. म्हणून २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय झाली. चेहरा ओळखणारे हे यंत्र कृत्रिम बुद्धिमत्तेचेच आहे. गुडघे धरलेल्या आजोबांना बँकेचा जिना चढावा लागत नाही, मुलाकडे बंगळुरूला गेलेल्या आजी तिथूनच काम उरकतात. ही सोय खरी आहे, तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी आहे, आधारमधला फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, यंत्र तीन वेळा 'जुळले नाही' म्हणते. अशा वेळी जिवंत माणूस आपल्याच खोलीत बसून जिवंत असल्याचा पुरावा शोधत असतो. कागदी दाखल्याचा जुना रस्ता अजून खुला आहे, पोस्टमनला घरी बोलवायची सोयही आहे. हे दोन रस्ते बंद होणार नाहीत, यावर आपल्या संघटनांनी लक्ष ठेवावे. नवा रस्ता बांधल्यावर जुना उखडायची सरकारला घाई असते.

शेजारच्या सीहोर जिल्ह्यातले प्रकरण याहून जड आहे. (१९७२ पर्यंत आपले भोपाळ त्याच जिल्ह्यात होते.) पीकविम्यासाठी उत्पादन किती आले हे पूर्वी पीक कापणी प्रयोगाने ठरायचे: शेताचा ठरावीक तुकडा आखायचा, माणसांदेखत कापायचा, तोलायचा. त्यातही घोळ होत. २०२३ पासून उपग्रहाची चित्रे आणि संगणकी प्रारूपे यांवरून उत्पादनाचा अंदाज घेण्याची पद्धत आली, आणि मध्य प्रदेशाने ती पूर्णपणे स्वीकारली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीहोरमध्ये आणि महाराष्ट्रात अकोल्याकडे काही शेतकऱ्यांना एक, तीन, पाच रुपये अशी भरपाई आल्याचे उघड झाले, आणि खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ही थट्टा आहे असे म्हणून चौकशी लावली. प्रत्येक रुपयामागे उपग्रहच होता असे नाही. विम्याच्या हिशेबात इतरही गाठी असतात. पण सोयाबीन पिवळे पडून गेलेल्या शेताच्या बांधावर उभा राहून शेतकरी कोणाशी भांडणार? कापणी प्रयोगाला निदान पटवारी यायचा. त्याच्याशी हुज्जत घालता यायची. आकाशातल्या यंत्राशी घालता येत नाही.

असे इथेच होते असे समजू नका. हॉलंडसारख्या नेटक्या देशात करखात्याने बालसंगोपन अनुदानात लबाडी शोधायला धोक्याचे गुण देणारे यंत्र लावले. परकी नागरिकत्व हा त्यातला एक निकष होता. हजारो घरांवर लबाडीचा शिक्का बसला, पैसे परत मागितले गेले, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथेही यंत्राने 'संशय' एवढेच म्हटले होते. संशयाला निकाल माणसांनी केले, आणि खरे-खोटे शाबीत करायचे ओझे आयांवर टाकले.

उलट उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०२५ मध्ये वनखात्याने शिवपुरी, गुना, विदिशा, बुऱ्हाणपूर आणि खंडवा या पाच वनविभागांत उपग्रहचित्रांवरून जंगलातली तोड आणि अतिक्रमण हेरणारे यंत्र लावले. पडद्यावर संशयित जागा दिसली की वनरक्षकाच्या मोबाइलवर खबर जाते. तो तिथे पायी जातो, फोटो काढतो, काय आढळले ते कळवतो, आणि त्याच्या कळवण्यावरून यंत्र पुन्हा शिकते. यंत्राने बोट दाखवायचे, पाहणीला माणसाने जायचे. हुजूर दफ्तरातल्या फडणीसाला ही पद्धत समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

आता शेवटी आपल्या घरातल्या ट्रंकेकडे येतो. ज्या घराण्यांची मुळे शिंदे, होळकर, पवार यांच्या चाकरीत आहेत, त्यांच्याकडे मोडी कागद निघतात. आजोबा वाचत असत. वडिलांना अक्षर ओळखू येई. आपल्याला नक्षी दिसते. बोरू न उचलता ओढलेली ती ओळ, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. १९५० च्या दशकात शाळांतून मोडी गेली आणि एका पिढीत आपण आपल्याच दफ्तराला परके झालो. हे नुसते हळहळायचे प्रकरण नाही, हे महाराष्ट्रात २०२३ मध्ये दिसले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दफ्तरे उघडली, आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारकुनाने घाईत ओढलेल्या एका शब्दावर आज एखाद्या मुलाचा दाखला, त्याचा प्रवेश, त्याची नोकरी अवलंबून असते.

अशा वेळी २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जाहीर केली. जाणकारांनी वाचलेल्या दोन हजारांवर मोडी पानांच्या चित्रांवर ती शिकवली आहे. देशभरात पडून असलेल्या मोडी कागदांची संख्या कोट्यवधीत मोजतात. हयात वाचक सगळे मिळून ते आयुष्यात वाचू शकणार नाहीत. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून ४५ खंड निवडून काढले, तरी तो त्या रुमालांचा एक कोपराच होता. तेव्हा या यंत्राचे मी मनापासून स्वागत करतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर ते वरदान ठरेल: हजार पानांतून 'भोपाळ' हा शब्द कुठे येतो ते यंत्राने दाखवावे, मग ते पान आपण वाचावे.

पण तेच वाचन तहसिलीत दाखल्यासाठी वापरायचे ठरले तर? शिकाऊ वाचक अडला की अडतो. कागद बाजूला ठेवून गुरूला विचारतो. हे यंत्र सहसा अडत नाही. पुसट जागीही ते एखादे अक्षर बसवून मोकळे होते, आणि छापून आलेली स्वच्छ देवनागरी ओळ पाहून कोणालाच शंका येत नाही. त्यातून शिकवायला घेतलेली पाने बहुधा नेटक्या वळणाची असणार. खेड्यातल्या कुलकर्ण्याचा घाईचा हात त्यांत कितीसा असेल? चिटणीशी वळणाचा दरबारी खलिता बिनचूक वाचला जाईल आणि गावच्या नोंदीतले नाव चुकेल, अशी ही विषमता आहे. म्हणून दाखल्याच्या कामात यंत्राच्या वाचनाखाली ज्याने मूळ कागद पाहिला त्या माणसाची सही असावी, अर्जदाराला मूळ पानाची प्रत मिळावी, आणि 'वाचता आले नाही' हा शेरा अर्जदाराच्या विरुद्ध धरला जाऊ नये. इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजांनी यापेक्षा जास्त काही मागितले नसते.

भोपाळातल्या मराठी घरांनी या कामी एक गोष्ट करण्यासारखी आहे. ट्रंकेतल्या मोडी कागदांची चांगल्या उजेडात छायाचित्रे घ्या, कागद कोणत्या गावचा, कोणाच्या हातचा, घरात त्याविषयी काय सांगतात हे मागे देवनागरीत लिहून ठेवा. वाचता येणारे कोणी ऐंशी-नव्वदीतले नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून ते पान मोठ्याने वाचून घ्या आणि ते वाचन जपा. यंत्राला शिकायला अशीच पाने लागतात, आणि माळव्यातल्या मराठी कारकुनांचे हात त्याच्यापुढे आले नाहीत तर ते पुण्याच्या वळणानेच आपले कागद वाचत राहील.